श्रुतोद्धारक शेठ हिराचंद नेमचंद दोशी

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजेच श्रुतपंचमीला, आपण मंदिरात शास्त्रांची पूजा करतो. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांनी षट्खंडागम ग्रंथारूढ केल्याचे स्मरण म्हणून हा दिवस पाळला जातो. परंतु हाच ग्रंथ कित्येक शतके आपल्या समाजाला केवळ दर्शनासाठी उपलब्ध होता, वाचनासाठी नव्हे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ती स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ वेचला, त्या सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे हे पुण्यस्मरण. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील जैन बोर्डिंगमुळे त्यांचे नाव कोथरूडकरांच्याही परिचयाचे आहे. त्यांचे कार्य मात्र तितकेसे परिचित नाही.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथलेच झाले. हिराचंद शेठ सावकारी व कापसाचा व्यापार पाहत. जहाज, विमान आणि साखर उद्योगांत पुढे कीर्ती मिळविणारे वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव; त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. शेठजींचा ओढा व्यापाराइतकाच शास्त्राभ्यासाकडेही होता. शास्त्रे छापणे म्हणजे त्यांची विटंबना, असे मानणारा मोठा वर्ग समाजात असताना त्यांनी 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले आणि धर्मज्ञान मराठी वाचकांच्या घरी पोहोचविले.

१८८३ मध्ये मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी दक्षिणेच्या यात्रेत मूडबिद्रीस गेले. तेथील सिद्धांत बसदीत रत्नमय प्रतिमांबरोबर धवला, जयधवला व महाधवला या सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे जपून ठेवलेली होती. आचार्य वीरसेनांची धवला टीका इ.स. ८१६ मधील असून तिचा विस्तार ७२,००० श्लोकप्रमाण आहे. ताडपत्रे बाराव्या शतकातील आणि जुन्या कन्नड लिपीतील. यात्रेकरूंनी दर्शन घ्यावे, भेट ठेवावी आणि परतावे, हाच तेथील रिवाज होता. ती लिपी वाचणारे विरळ झाले होते आणि पाने जीर्ण होत चालली होती. हे वृत्त समजताच दुसऱ्याच वर्षी हिराचंद शेठ स्वतः मूडबिद्रीस गेले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांनी त्यांना ग्रंथातील काही भाग वाचून दाखविला. आपले सर्वांत मोठे धन आपल्यालाच अज्ञात आहे, हे शल्य घेऊन ते सोलापूरला परतले.

संकल्पाला मूर्त रूप येण्यास मात्र एक तप लागले. समाजातून निधी उभारून, तेथील भट्टारक व पंच यांची संमती मिळवून १८९६ मध्ये प्रतिलिपीचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती शास्त्री हे लेखनास बसले. काम चालू असतानाच ब्रह्मसूरी शास्त्री निवर्तले, तरी ते थांबले नाही. नागरी व कन्नड अशा दोन्ही लिपींतील नकला हाताने उतरवून पूर्ण होईपर्यंत १९२२ साल उजाडले. एकूण २६ वर्षे लागली.

या काळात शेठजींच्या सत्त्वपरीक्षेचा एक प्रसंग आला. प्रती मूडबिद्रीबाहेर न्यावयाच्या नाहीत, अशी पंचांची अट होती. गजपती शास्त्रींनी मात्र पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली आणि ती घेऊन ते सोलापूरला आले. ज्या ग्रंथासाठी जिवाचे रान केले, तो दाराशी चालून आला होता. शेठजींनी तो स्वीकारला नाही. दिलेल्या शब्दाचा भंग करून श्रुतसेवा करणे त्यांना मान्य नव्हते. माणिकचंद शेठ यांनीही तोच मार्ग पत्करला. अखेर ती प्रत सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ठेवून घेतली.

इतिहासाची गती विलक्षण असते. सहारनपुरातील त्या प्रतीवरून निघालेल्या नकला हिंडत राहिल्या आणि त्यांच्याच आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. पुढील खंडांसाठी मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य दिले. म्हणून शेठजींचा नकार वाया गेला असे म्हणता येत नाही आणि गजपती शास्त्रींना केवळ दोष देऊनही भागत नाही. एकाने शब्द राखला, दुसऱ्याने ग्रंथ मोकळा केला. पण मूडबिद्रीत लेखणी प्रथम चालली ती शेठजींच्या तळमळीमुळेच.

या ताडपत्रांचे आणखी एक वैभव आहे. त्यांतील काही पानांवर तीर्थंकर, यक्ष-यक्षी, श्रुतदेवी आणि हात जोडलेले भक्त रंगविलेले आहेत. दिगंबर परंपरेतील सचित्र हस्तलिखितांचे हे अत्यंत प्राचीन नमुने होत. प्रतिलिपीचा हेतू पाठ वाचविण्याचा होता. चित्रांचे मोल अभ्यासकांपुढे यावयास आणखी चार दशके गेली. अक्षर दुसऱ्या पानावर उतरले तरी त्याचा अर्थ तोच राहतो. चित्राचे तसे नाही. त्याची रेषा आणि रंग मूळ पानाबरोबरच जगतात किंवा नष्ट होतात. १९६०च्या दशकात ही चित्रे साक्षेपाने अभ्यासून प्रकाशात आणली ती कलेतिहासतज्ज्ञ डॉ. सरयू दोशी यांनी, आणि त्या याच दोशी घराण्याच्या स्नुषा, हा योग किती सुंदर!

आपल्या घरी, मंदिरात, एखाद्या जुन्या पेटीत वेष्टनात बांधलेली पोथी असेल, तर ती वर्षातून एकदा पूजेपुरती न काढता उघडून पाहावी, जाणकारांकडून वाचून घ्यावी, तिची प्रत करून ठेवावी. शेठ हिराचंद नेमचंद यांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन नाही.