मागणी घडविणारा माणूस

वीज यंत्रगृहात निर्माण होते. तिची मागणी मात्र घरात जन्म घेते आणि दर व उपकरणे यांच्या आधाराने वाढते. हे प्रथम ओळखणाऱ्यांत सॅम्युएल इन्सल अग्रभागी होते. १८५९ साली लंडनमध्ये जन्मलेले इन्सल १८८१ मध्ये एडिसन यांचे चिटणीस म्हणून अमेरिकेस गेले आणि १८९२ मध्ये शिकागोतील एका लहानशा वीज कंपनीचे अध्यक्ष झाले.

त्या काळी विजेचा दिवा ही श्रीमंतांची चैन होती. संध्याकाळी काही तास दिवे लागत. एरवी महागडी यंत्रे रिकामी राहत. इंग्लंडमधील ब्रायटन येथे इन्सल यांनी ग्राहकाची कमाल मागणी नोंदविणारे मीटर पाहिले. त्याच्या आधारे यंत्रांचा स्थिर खर्च पहिल्या युनिटांतून वसूल करून पुढच्या युनिटांचा दर त्यांनी उतरविला. दिवसा वीज खपावी म्हणून विजेच्या इस्त्र्या घरोघरी पोचविल्या. वापर वाढला, तसा दर आणखी उतरला.

पुढे कर्जाच्या पायावर रचलेला त्यांच्या कंपन्यांचा डोलारा १९३२ साली मंदीत कोसळला. असंख्य लहान भागधारकांची पुंजी बुडाली. १९३४ मध्ये न्यायालयाने इन्सल यांना निर्दोष ठरविले. १९३८ साली पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकात त्यांचा अंत झाला.

आज महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांबरोबर चढत जातो. इन्सल यांची शिडी येथे उलटी लावली आहे; परंतु दरच घराची सवय घडवितो, हे तत्त्व त्यांचेच आहे. म्हणून दरपत्रक हा केवळ हिशेबनिसांचा विषय मानणे परवडणारे नाही.