माओरींचा पहिला पदवीधर

न्यूझीलंडच्या बेटांवर माओरी लोक शेकडो वर्षांपासून राहत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजांची सत्ता स्थापन झाली. १८६७ च्या कायद्यानंतर माओरी खेड्यांत सरकारी शाळा निघाल्या. परंतु तेथील शिक्षण इंग्रजीतून चाले आणि प्राथमिक वर्गांपाशीच थांबे. मग विद्यापीठाची वाट कोठून दिसणार?

अशा काळी, ३ जुलै १८७४ रोजी, पूर्व किनाऱ्यावरील ते आरारोआ या गावी आपिराना न्गाटा यांचा जन्म झाला. वडिलांना विद्येचे मोल ठाऊक होते. त्यांनी लहानग्या आपिरानाला घरापासून दूर, ते औटे येथील मिशनच्या वसतिशाळेत धाडले. मुख्याध्यापक थॉर्नटन आपल्या माओरी विद्यार्थ्यांची विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी कसून तयारी करून घेत. आपिरानाने शिष्यवृत्ती मिळवली आणि तो ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी महाविद्यालयात दाखल झाला. १८९३ साली तो बी. ए. झाला. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला माओरी होय. पुढे त्याने कायद्याचीही पदवी घेतली.

ते औटेचेच पोमारे आणि बक हे विद्यार्थी पुढे डॉक्टर झाले. माओरी मुलांत बुद्धीची उणीव नव्हती, हे यावरून सिद्ध झाले. तरीही माओरींनी शेती व हातकामच शिकावे, असे शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांना वाटे. १९०६ साली नेमलेल्या चौकशी मंडळाने ते औटे येथे शेतीच्या शिक्षणावर भर देण्याची शिफारस केली. शेती हे काही हलके काम नव्हे. परंतु कोणी काय शिकावे, हे त्याच्या जन्मावरून ठरवणे हा अन्यायच होय.

न्गाटा शहरात वकिली करून धन जोडत बसले नाहीत. ते आपल्या लोकांत परतले. १९०५ पासून १९४३ पर्यंत ते पार्लमेंटचे सभासद होते. माओरींच्या जमिनी माओरींनीच कसाव्यात, यासाठी ते झटले. वृद्धांच्या मुखी असलेली जुनी गीते त्यांनी परिश्रमपूर्वक जमवली. त्या संग्रहाचा पहिला भाग १९२८ साली प्रसिद्ध झाला. माओरी भाषा बी. ए.च्या परीक्षेत विषय म्हणून घेता यावी, अशी खटपट त्यांनी केली. विद्यापीठाने ती मान्यता दिली. पण शिकवण्याची सोय मात्र झाली नाही.

१४ जुलै १९५० रोजी न्गाटा निवर्तले. त्यानंतर लवकरच ऑकलंडच्या विद्यापीठ-महाविद्यालयात माओरी भाषेचे वर्ग सुरू झाले. ज्या भाषेला एके काळी गावच्या शाळेतही मान नव्हता, ती आता विद्यापीठात शिकवली जाऊ लागली.