डकोटा, जंगलातल्या धावपट्ट्या आणि बिजू पटनायक

फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि पश्चिम आसाममधलं रूपसी शोधा. आजूबाजूला सगळी हिरवाई आणि मध्येच एक सरळ राखाडी पट्टी. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधली. नंतर कित्येक वर्षं ती ओस पडून होती. मे २०२१ मध्ये ‘उडान’ योजनेत तिथून पुन्हा प्रवासी विमानं सुटू लागली. अशा जुन्या धावपट्ट्या शोधायचा मला नादच लागलाय. त्या शोधात एक नाव सारखं समोर येतं, बिजू पटनायक.

बहुतेकांना ते ओडिशाचे मुख्यमंत्री म्हणून माहीत असतात. मला मात्र त्यांच्यातला वैमानिक जास्त भावतो.

जन्म ५ मार्च १९१६, कटक. रेव्हनशॉ कॉलेजमधलं शिक्षण अर्धवट सोडून पठ्ठ्या विमान शिकायला गेला आणि पुढे इंडियन नॅशनल एअरवेजमध्ये वैमानिक झाला. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, रंगून पडलं. तिथे अडकलेल्यांना विमानाने बाहेर काढणाऱ्यांत बिजू होते. वय अवघं २६.

त्याच काळात आसामात घाईघाईने विमानतळ उभे राहत होते. चाबुआ, मोहनबाडी, दिनजान, जोरहाट. हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला माल न्यायचा होता. चहाच्या मळ्यांतले मजूर जमीन सपाट करायला लावले गेले. पण तिथला पाऊस तुम्हाला माहितीये! चिखलात विमान रुतणार, आणि काँक्रीट सुकायची वाट बघायला वेळ नाही. त्यावर अमेरिकन तोडगा होता भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्यांचा. एक पट्टी साधारण ३ मीटर लांब, वजन ३० किलोच्या आसपास. कडेचे हुक शेजारच्या पट्टीत अडकवायचे की झालं. भोकांमुळे वजन कमी आणि पाणीही खाली निथळतं. लेगोच्या ठोकळ्यांची धावपट्टीच म्हणा ना.

तिच्यावर उतरणारं विमान म्हणजे डकोटा. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक छोटं. त्यामुळे जमिनीवर नाक वर असतं आणि पंख्याची पाती दगडधोंड्यांपासून लांब राहतात. एक किलोमीटरची कच्ची पट्टीही त्याला पुरायची. माल मावायचा अडीच-पावणेतीन टन.

बिजू नुसते विमान चालवत बसले नाहीत. ‘छोडो भारत’च्या भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी मदत केली आणि १९४३ मध्ये तुरुंगात गेले. ज्या सरकारसाठी लोकांना वाचवलं, त्याच सरकारने कोठडीत टाकलं.

युद्ध संपलं तेव्हा दोन गोष्टी ढिगाने उरल्या, रिकाम्या धावपट्ट्या आणि स्वस्तातले डकोटा. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये लष्करी डकोटा दुरुस्त करून प्रवाशांसाठी तयार व्हायचे. बिजूंनी दोन्हींचा मेळ घातला आणि कलिंग एअरलाइन्स काढली.

आणि लगेच, जुलै १९४७ मध्ये, ती विमानं जावा बेटावर पोचली. डचांनी इंडोनेशियावर पुन्हा हल्ला चढवला होता, आकाशावर त्यांचाच पहारा होता. नेहरूंच्या सांगण्यावरून बिजू डकोटा घेऊन गेले. सोबत पत्नी ज्ञान, त्याही वैमानिक. माजी पंतप्रधान सुतान शहरीर यांना तिथून काढून त्यांनी दिल्लीला आणलं. शहरीर जगापुढे आपल्या देशाची बाजू मांडू शकले ते त्यामुळे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. पुढचा आठवडा कुणी सांगत नाही.

२९ जुलैला कलिंगचा दुसरा एक डकोटा, नोंदणी क्रमांक व्हीटी-सीएलए, सिंगापूरहून औषधं घेऊन योग्यकर्त्याच्या मागुवो धावपट्टीकडे निघाला. ही पट्टी जंगलातली नव्हे, भातशेतीतली. डचांनी बांधलेली आणि युद्धात जपान्यांनी वापरलेली. विमान उतरायच्या बेतात असताना दोन डच लढाऊ विमानांनी ते पाडलं. आतला एकच जण वाचला. मेलेल्यांत इंडोनेशियाच्या हवाई दलाचे तीन शिलेदार होते, आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि आदिसुमार्मो.

आता पुन्हा मॅप उघडा. मागुवोचं नाव आज आदिसुचिप्तो विमानतळ. मलांगचा विमानतळ अब्दुलरहमान सालेह यांच्या नावाचा, सोलोचा आदिसुमार्मो यांच्या. एका भारतीय डकोटात गेलेल्या तिघांची नावं तीन विमानतळांवर! मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. बिजू त्या विमानात नव्हते, पण विमान त्यांच्या कंपनीचं होतं.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि कलिंगही इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. तरी नाव पुसलं नाही. पुढे कलिंगचे डकोटा आसामातल्या त्याच युद्धकाळातल्या तळांवरून नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, धान्य टाकायचे. दार काढून ठेवलेलं, माणसं पायाने पोती ढकलतायत. तांदूळ-मिठाची पोती दुहेरी असायची. आपटल्यावर आतलं फाटलं तरी बाहेरचं सैल पोतं माल धरून ठेवतं. पॅराशूटचा खर्च वाचला. दऱ्यांमधल्या ढगात काही विमानं परतली नाहीत, हेही खरं.

विमानांपलीकडेही बिजूंचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. विज्ञान सोपं करून सांगणाऱ्यांसाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांनी दिलेल्या निधीतून सुरू झाला. १९९६ मध्ये तो आपल्या जयंत नारळीकरांना मिळाला.

पुढच्याच वर्षी, १७ एप्रिल १९९७ला, बिजू गेले. भुवनेश्वरच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. पण ओडिशातच झारसुगुड्याला युद्धात बांधलेली एक पट्टी आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो रीतसर विमानतळ झालाय. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये तीही बघा.