प्रश्न विचारणारा डॉक्टर

घरातले म्हातारे माणूस विसरू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आमच्या धाडसारख्या गावी विषय संपवला जातो. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तो संपू दिला नाही.

१८६४ साली जर्मनीतील मार्क्टब्राइट या लहान गावी जन्मलेले अल्झायमर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होते. १९०१ मध्ये त्यांची पत्नी वारली. त्याच वर्षी ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई तिथे दाखल झाली. अल्झायमर तिच्यासमोर बसून साधे प्रश्न विचारीत, वस्तू दाखवीत, उत्तरे टिपून ठेवीत. नाव लिहायला सांगितले, तर श्रीमती या अर्थाचा शब्द लिहून ती अडली. बँकेत सह्या पडताळण्यात माझी नोकरी गेली. नाव अडणे म्हणजे काय, ते मला समजते.

पुढे ते म्यूनिकला गेले, पण तिला विसरले नाहीत. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि निष्कर्ष ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. १९१५ मध्ये अल्झायमर गेले, तेही ५१व्या वर्षी.

हा आजार बरा करणारे औषध आजही नाही. मात्र सुरुवातीच्या काळात गप्पा, गाणी, जुनी चित्रे, शब्दखेळ यांच्या १४ गटबैठका सात आठवड्यांत घेतल्यास स्मरणाला थोडा आधार मिळतो, असे २००३ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात दिसले. करोनाकाळापासून त्या व्हिडिओ कॉलवरही भरतात. जाणकार मार्गदर्शक आणि मोबाइल धरून शेजारी बसणारा नातू मिळाला, तर धाडच्या आजीलाही त्यात बसता येईल. तिला विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी.