लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याकडून आत्मपरीक्षणाकडे

ख्रिस्ती साधनेत अहंकाराचा त्याग जितका महत्त्वाचा, तितकाच इतरांचा न्यायनिवाडा करण्याच्या प्रवृत्तीचा त्यागही महत्त्वाचा मानला जातो. वस्तुतः या दोन्ही प्रवृत्तींचे मूळ एकच असते. स्वतःला शुद्ध मानल्यावाचून दुसऱ्याला अशुद्ध ठरविता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या चरित्रात हे सत्य तात्त्विक विवेचनातून नव्हे, तर स्वयंपाकघर, पाण्याचे भांडे आणि नातेसंबंध यांच्या माध्यमातून प्रकट होते.

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७च्या उठावाच्या प्रकरणात त्यांच्या मातामहांना फाशी झाली. या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम होऊन त्यांचे सोवळे वेडाच्या सीमेपर्यंत गेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अशा वातावरणात या मुलीचे बालपण गेले. स्पर्शाने विटाळ होतो हा संस्कार तिच्या मनावर किती खोल रुजला असेल, याची कल्पना यावरून येते.

बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावंत कवी, पण वृत्तीने अस्थिर आणि तापट होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उद्ध्वस्त झाला. पुढील काही वर्षे त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पतीविषयीचे प्रेम आणि त्याच्या धर्मांतराविषयीचा संताप यांच्या कात्रीत त्या सापडल्या होत्या. याच दुःखातून त्यांची काव्यरचना आकाराला येऊ लागली.

अखेरीस त्या पतीकडे परतल्या, परंतु सोवळे घेऊनच. पती ख्रिस्ती, स्वतः ब्राह्मणी आचार पाळणाऱ्या. एका छपराखाली दोन चुली अशी त्यांची विलक्षण गृहस्थिती होती. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या पुढील परिवर्तनाचे स्वरूप समजून घेताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. बाहेरचा दबाव नसल्यामुळेच त्यांना स्वतःच्या मनाची उलटतपासणी स्वतःच करावी लागली. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. जन्म आणि मृत्यू सर्वांना सारखेच, मग माणसामाणसांतील उच्चनीचता कोठून आली, असा त्यांच्या विचाराचा ओघ होता. उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला.

येथे घटनांचा क्रम अर्थपूर्ण ठरतो. आधी जन्मजात श्रेष्ठत्वाचा अभिमान गळाला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. नव्या धर्माने त्यांना विनम्र केले, एवढेच म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. विनम्रतेचा उंबरठा ओलांडल्यानंतरच त्या नव्या धर्मात प्रविष्ट झाल्या. मात्र धर्मांतरिताच्या वाट्याला एक नवा मोहही येतो. आपल्याला सत्य गवसले, मागे राहिलेले अंधारात आहेत, अशी ती भावना असते. जुने सोवळे जाऊन त्याच्या जागी नवे सोवळे येण्याचा धोका येथे असतो.

या मोहापासून लक्ष्मीबाई बव्हंशी मुक्त राहिल्या, याचा सर्वांत बलवत्तर पुरावा म्हणजे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. १९३४पासून ते भागशः ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यात वडिलांच्या सोवळ्याची कथा विनोदाने येते. परंतु त्या वेडामागील आघाताचे भान लेखिकेला सुटत नाही. धर्मांतराच्या काळात विरोध करणारे आप्त तेथे खलपुरुष म्हणून अवतरत नाहीत. पतीचा राग, त्यांचा अव्यवहारीपणा, त्यांचे औदार्य हे सारे एकाच ममत्वाने चित्रित होते. उपहासाचा सर्वाधिक रोख लेखिकेने स्वतःकडे वळविला आहे. आपले अज्ञान, हट्ट आणि फजिती सांगताना त्या कोठेही संकोचत नाहीत. ख्रिस्ती परंपरेतील पापकबुलीला येथे घरगुती विनोदाचे रूप लाभले आहे, असे म्हणता येईल.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतांश भाग रचून ते पूर्णत्वास नेले. पतीने आरंभिलेल्या कृतीसाठी त्यांनी हे श्रम वेचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

वडिलांनी आयुष्यभर वस्तू धुतल्या; कन्येने अंतःकरण धुण्याचा प्रयत्न केला. पहिल्या प्रयत्नातून माणसे दूर गेली, दुसऱ्यातून ती जवळ आली. शुद्धीच्या या दोन कल्पनांमधील अंतर हेच लक्ष्मीबाईंच्या जीवनयात्रेचे खरे मोजमाप होय.