अंबाजोगाईचे दासोपंत : वसुली, ओलीस आणि पासोडी

अंबाजोगाईला गेलेला माणूस प्रथम योगेश्वरीचे दर्शन घेतो. हाताशी वेळ असला तर मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जाऊन येतो. दासोपंतांकडे मात्र फार थोडी पावले वळतात. वास्तविक एवढे अफाट लिहिणारा संतकवी मराठीत दुसरा शोधावाच लागेल. पण आज त्यांच्या कवित्वाआधी बोलायचे आहे ते त्यांच्या लहानपणच्या एका प्रसंगाबद्दल. तो प्रसंग देवाधर्माचा म्हणून सांगितला जातो. मुळात तो थकबाकीचा आहे.

दासोपंत शके 1473 मध्ये, म्हणजे 1551 साली, नारायणपेठ येथे जन्मले. हे गाव आज तेलंगणात आहे. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराण्याकडे देशपांडेपण होते. परगण्याचे हिशेब ठेवायचे आणि बिदरच्या बरीदशाहीचा सारा वेळेवर पोचता करायचा, हे वडिलांचे काम. अशा वतनदाराचा वाडा बाहेरून भक्कम दिसतो, पण त्याचे दुखणे निराळेच असते. वर सरकार, खाली रयत आणि मधल्या जात्यात हा! एका साली दुष्काळ पडला. शेतात पीक नाही, तर सारा कुठून येणार? भरणा तुंबला. मग दरबाराने दिगंबरपंतांच्या कोवळ्या मुलालाच बिदरला ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या आत रक्कम आली नाही तर मुलाचे धर्मांतर होईल, अशी अट घातली गेली, असे चरित्रकार सांगतात.

या पेचावर आपल्यापासून फार दूर, चीन देशात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका शहाण्या माणसाने विचार करून ठेवला होता. त्याचे नाव मेन्शियस. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला हा पंडित राजांच्या दरबारी जाऊन त्यांना तोंडावर चार गोष्टी सुनावत असे. काही वर्षांच्या पिकाची सरासरी काढून ठरवलेला कायमचा सारा त्याला मुळीच पसंत नव्हता. सुगीच्या वर्षी धान्य रस्त्यात सांडते, तेव्हा थोडे अधिक घेतले तरी कोणाला जड जात नाही. पण तेव्हा सरकार ठरल्याहून जास्त घेत नाही. उलट नापिकीच्या वर्षी पुढच्या खतापुरतेही हाती लागत नाही, आणि नेमका तेव्हा पुरा आकडा मागितला जातो. मग शेतकरी कर्ज काढतो. माणसे उपाशी मेली तर वर्षच वाईट होते असे म्हणणाऱ्या राजालाही त्याने झोडपले. माणसाला भोसकून दोष शस्त्राला देण्यातला तो प्रकार, असे त्याचे मत होते. ज्याची पोटापाण्याची सोय स्थिर नाही त्याचे मनही स्थिर राहत नाही, हे तर त्याचे मुख्य सूत्रच म्हणायचे.

तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आपल्या घरालाही लागू पडतो. घराचा, गाडीचा हप्ता ठरतो तो बऱ्या महिन्यांकडे बघून. फेडावा लागतो तो मात्र आजारपणाच्या महिन्यातही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाला तर हे वेगळे समजावून सांगायलाच नको. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता घर सोडून निघतो, आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. बिदरच्या दरबारात मूल अडकले होते. येथे मुलाची शाळा अडकते.

दासोपंतांची सुटका कशी झाली? मुदत संपत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस बिदरला आला, त्याने सगळी रक्कम भरली, पावती घेतली आणि निघून गेला. तो साक्षात दत्तात्रेय होता, अशी श्रद्धा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचीही कथा याच वळणाची. तीही बिदरचीच, तीही दुष्काळाचीच, आणि तेथेही देवालाच माणसाच्या वेषात येऊन भरणा करावा लागतो. दोन कथांत दरबाराची वसुली देवाला चुकवावी लागली, यावरून त्या काळच्या रयतेला माणसांकडून कितपत आशा होती ते समजावे.

मुलगा घरी आला, पण घरात रमला नाही. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. दासोपंतांनी घर सोडले ते देणे फिटल्यानंतर. देणे चुकवण्यासाठी नव्हे. माहूरला त्यांनी बारा वर्षे साधना केली, गोदाकाठच्या राक्षसभुवनी राहिले आणि शेवटी अंबाजोगाईला स्थिरावले. पैठणचे एकनाथ त्यांचे समकालीन.

चीनमधल्या लाओत्सेचीही गोष्ट सोडून जाण्याचीच आहे. दप्तरखान्यातली चाकरी टाकून तो पश्चिमेला निघाला, तेव्हा नाक्यावरच्या अधिकाऱ्याने काही लिहून दे म्हणून अडवले. त्याने सुमारे पाच हजार अक्षरे लिहून दिली आणि तो नाहीसा झाला, अशी कथा आहे. पुरे कशाला म्हणतात हे ज्याला कळले तोच श्रीमंत, असे तो मानी. आमचे दासोपंत पैशाच्या बाबतीत त्याच पंथाचे, पण लेखणीच्या बाबतीत त्यांना पुरे हा शब्दच ठाऊक नव्हता! एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख सांगतात. त्याखेरीज ‘ग्रंथराज’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’ आणि असंख्य पदे. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. ढब्बू पैसा बहुधा नंतरच्या कीर्तनकारांनी घातला असेल. पण दासोपंतांच्या घरखर्चातला लोकांच्या लक्षात राहिलेला आकडा हा शाईचा आहे, याची मोठी गंमत वाटते.

आणि कागद अपुरा वाटला म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर लिहिले. थंडीत अंगावर घ्यायचे हे जाड कापड. सुमारे 24 हात लांब आणि अडीच हात रुंद पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ आकृत्यांसह मांडले, सोळाशेच्या आसपास ओव्यांत. पाच महाभूतांपासून देह कसा घडतो, त्यात आपले म्हणावे असे काय उरते, याचा तो जणू ताळेबंदच. देशपांड्याच्या मुलाने मांडलेला!

शके 1537 मध्ये माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी अंबाजोगाईतच देह ठेवला. समाधी नृसिंहतीर्थावर आहे. थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा दोन घरांनी त्यांची परंपरा चालवली, आणि ती लांबलचक पासोडी याच गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.