वाळूला महामार्ग ठरविणारा गव्हर्नर

अमेरिकेच्या ओरेगन राज्याला प्रशांत महासागराचा सुमारे ५८० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. या पुळणीवर हिंडावे, मुलांनी वाळूचे किल्ले रचावेत. ही जागा कोणाची, असे विचारणारा मालक तेथे भेटत नाही. या मोकळीकीचा पाया ओसवाल्ड वेस्ट यांनी घातला.

वेस्ट यांचा जन्म २० मे १८७३ रोजी कॅनडातील ग्वेल्फ येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब ओरेगनमध्ये स्थायिक झाले. तरुणपणी त्यांनी बँकेत नोकरी केली. १९०३ मध्ये ते सरकारी जमीन खात्यात अधिकारी झाले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेल्या जमिनी बनावट नावांनी बळकावल्या जात होत्या. वेस्ट यांनी ही प्रकरणे खणून काढली आणि मोठे क्षेत्र सरकारकडे परत आणले. सार्वजनिक जमीन एकदा हातची गेली की परत मिळविणे किती कठीण असते, हे ते तेथेच शिकले असावेत.

१९११ मध्ये ते गव्हर्नर झाले. त्यापूर्वीच राज्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काही भाग खासगी मालकांना विकला होता. कॅनन बीचकडून नेआकानी पर्वत ओलांडून घोड्यावरून जाताना किनारा वाचविण्याची युक्ती त्यांना सुचली, असे सांगतात. त्या काळी किनाऱ्याने धड रस्ता नव्हता. ओहोटी लागली की टपालवाले आणि घोडागाड्या ओल्या, घट्ट वाळूवरूनच जात. वेस्ट यांनी नेमके हेच हेरले. निसर्गसौंदर्याचा मुद्दा विधिमंडळाच्या गळी उतरणे कठीण होते. पण करदात्यावर बोजा न पडता आयता रस्ता मिळतो, हे सर्वांनाच पटण्याजोगे होते. १९१३ मध्ये कोलंबिया नदीपासून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंतचा, तोवर न विकलेला किनारा सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर झाला. इतक्या साध्या कायद्याने एवढे मोठे काम साधल्याची उदाहरणे विरळाच.

एरवी वेस्ट हे शांत प्रकृतीचे प्रशासक नव्हते. दारूबंदीचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. जानेवारी १९१४ मध्ये कॉपरफील्ड गावातील दारूचे गुत्ते बंद करण्यासाठी त्यांनी आपल्या सचिव फर्न हॉब्स या तरुणीला सैनिकांसह पाठविले व तेथे लष्करी कायदा पुकारला. या प्रकरणाचा देशभर गाजावाजा झाला. १९१५ मध्ये ते पायउतार झाले. १९१८ ची सिनेटची निवडणूक ते हरले आणि पुढे वकिलीत रमले.

त्यांच्या कायद्यात एक उणीव होती. त्यात ओली वाळू आली, पण भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू सुटली. रस्त्यासाठी तिची गरज नव्हती. सहलीला आलेली माणसे मात्र बसतात ती तेथेच. १९४७ मध्ये महामार्गाऐवजी मनोरंजन क्षेत्र असा शब्द आला, तरी ही फट राहिलीच. २२ ऑगस्ट १९६० रोजी वेस्ट यांचे निधन झाले. १९६६ मध्ये कॅनन बीच येथील एका मोटेलच्या मालकाने कोरड्या वाळूला कुंपण घातले, तेव्हा राज्यभर संताप उसळला. गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या कारकिर्दीत १९६७ मध्ये नवा कायदा होऊन कोरड्या वाळूवरही जनतेचा वापराचा हक्क मान्य झाला. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वापार वहिवाटीच्या आधारे तो उचलून धरला.

नेआकानीच्या पायथ्याच्या उद्यानाला १९५८ मध्ये, वेस्ट हयात असतानाच, त्यांचे नाव देण्यात आले. तेथील तळावर पर्यटक तंबूचे सामान एकचाकी हातगाडीतून ढकलत नेत. २००८ मध्ये एक प्रचंड वृक्ष कोसळल्यावर मुक्कामाची ही सोय बंद झाली. पुळणीकडे जाणारी जंगलातील पायवाट मात्र वाहती आहे.